टाक्याची उलटी बाजू

एखादी वस्तू प्रेमाने केली, एवढ्यावरून ती चांगली झाली असे म्हणता येईल काय? प्रश्न वरवर पाहता शालेय वक्तृत्वस्पर्धेत शोभावा असा आहे, आणि पुष्कळ वर्षे मीही त्याकडे त्याच दृष्टीने पाहत आलो. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर सुईदोरा हाती धरून नातीसाठी कापडाचे एक पुस्तक शिवण्याचा प्रसंग आला नसता, तर या प्रश्नाला इतकी धार आहे हे मला कदाचित कधीच कळले नसते. प्रसंग लहान आहे, घरगुती आहे. परंतु नीतीचे पुष्कळसे प्रश्न माणसाला प्रथम घरातच भेटतात, म्हणून तो येथे सांगण्याचे धाडस करतो.

कापडी पुस्तक हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा असेलच असे नाही. त्यात वाचावयाचे काही नसते, करावयाचे असते. वीतभर लांबीरुंदीची पाच-सहा जाड पाने असतात आणि प्रत्येक पानावर बालकाच्या बोटांना एकेक उद्योग लावून दिलेला असतो. एका पानावर घर, त्याचे दार गुंडी काढून उघडावयाचे. दुसऱ्यावर बूट, त्याची नाडी ओवावयाची. तिसऱ्यावर पिशवी, तिची चेन ओढावयाची. चौथ्यावर आंब्याचे झाड, त्याचे आंबे टिचबटणांनी लावावयाचे आणि काढावयाचे. पाचव्यावर एक मुलगी, तिच्या तीन पेडांची वेणी घालावयाची. अशा पुस्तकाशी खेळता खेळता मूल आपले कपडे आपण घालावयास शिकते. कल्पना तशी नवी नाही. कागदाचे पुस्तक त्या वयाच्या हातांत, आणि तोंडात, टिकत नाही, हे ओळखून लंडनच्या डीन यांनी १९०३ साली कापडी पुस्तकांची एक स्वतंत्र कंपनीच काढली. त्यानंतर चार वर्षांनी, १९०७ च्या जानेवारीत, मारिया माँटेसरी यांनी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीतील साधनांत लाकडी चौकटींवर ताणलेली कापडे असतात. एकीवर गुंड्या, दुसरीवर हूक, तिसरीवर नाड्या. आजच्या कापडी पुस्तकात डीन यांचे पान आणि माँटेसरीबाईंची चौकट यांचा संगम झाला आहे, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या घरी सुई ही माझ्या पत्नीची सत्ता. परंतु अलीकडे संधिवाताने तिची बोटे आखडली आहेत. नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला असे पुस्तक द्यावे हे तिच्या मनात होते. बोटे साथ देईनात, म्हणून काम माझ्याकडे आले. मी शिवावयाचे आणि तिने शेजारी बसून चुका काढावयाच्या, असा करार ठरला. मला कामाची फारशी भीती वाटली नाही, कारण माझे आयुष्यच मापात गेले आहे. १९७४ साली सांगलीकडून मी बंगळुरास आलो आणि येथील एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षे काढली. दुसऱ्याने केलेल्या वस्तूतील दोष शोधणे हाच माझा चरितार्थ होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

सामान आणावयास मी मल्लेश्वरमहून चिकपेटेस गेलो. मेट्रोच्या भुयारी स्थानकातून वर आले की माणूस एकदम कापडाच्या राज्यात येतो. या शहराच्या पेठांत मराठीचे सुईदोऱ्याशी आणि रंगाशी जुने नाते आहे. रंगकाम आणि शिंपीकाम हे परंपरागत व्यवसाय असलेला भावसार क्षत्रिय समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे, आणि त्यांच्या घरांतून एक जुन्या वळणाची मराठी अजून कानी पडते. दुकानदाराशी मी कन्नडमध्ये बोललो. ‘गुंडी’ हा शब्द उच्चारताना मात्र मला आपण कोणत्या भाषेत बोलत आहोत याचा क्षणभर विसर पडला. माझ्या आजीच्या मराठीत गुंडी आणि माझ्या कन्नडभाषी सुनेच्या बोलण्यातही गुंडीच. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलाला असे सामाईक शब्द ओढ्यातल्या दगडांसारखे उपयोगी पडतात. त्यांवर पाय ठेवून ते इकडून तिकडे सहज जाते.

कापड मात्र विकत घ्यावे लागले नाही. आईची दोन इरकली लुगडी आणि खणांचे चार तुकडे ट्रंकेत जपून ठेवलेले होते. इरकल काय किंवा खणांसाठी प्रसिद्ध असलेले गुळेदगुड्ड काय, दोन्ही गावे आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. तेथे विणलेले कापड महाराष्ट्रातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नेसत आणि शिवीत आल्या. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, पण लुगड्याला आणि खणाला त्या कधी अडल्या नाहीत. मांजरपाटाची पाने, त्यांना लुगड्याच्या काठाचा गोट, आणि घराला खणाचे दार, असा बेत ठरला. पत्नीने एक ताकीद दिली. जुने कापड दिसावयास सुरेख असले तरी त्याचा जीव गेलेला असतो. गुंडी नुसत्या खणावर लावली तर ओढ बसताच कापडासकट हातात येईल. टाका खालच्या मांजरपाटातून गेला पाहिजे.

तीन आठवडे रोज दुपारी मी शिवीत होतो. धावदोऱ्याने कच्चे घालावे, मग टीप घालावी, टीप वाकडी गेली की पत्नीने नुसते ‘उसवा’ म्हणावे आणि मी ती उसवावी, असा क्रम चालला. मोठ्या वयात नवे काम शिकताना जो एक बालिश आनंद होतो तो मला पुरेपूर मिळाला. शिवताना नातीची बोटे डोळ्यांपुढे असत. या काळात माझे मन जितके मायेने भरलेले होते तितके ते क्वचितच कधी असेल, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. आणि म्हणूनच पुढची हकीकत सांगणे मला अवघड जाते.

दाराची गुंडी मी सर्वांत शेवटी लावली. वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता, रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पत्नी निजली होती. सुईत उरलेला दोरा वीतभरही नव्हता. रीत अशी की नवा दुहेरी दोरा ओवावा, गुंडीच्या भोकांतून सुई पाच-सहा वेळा न्यावी, गुंडी आणि कापड यांच्यामध्ये दोरा गुंडाळून देठ करावा, मागच्या अंगाला आधारासाठी दुसरी लहान गुंडी घ्यावी आणि मग पक्की गाठ मारावी. मी उरलेल्या दोऱ्याने तीन टाके घेतले, एक गाठ मारली, आणि मागून अस्तर लावून ती बाजू बंद करून टाकली. समोरून पाहता गुंडी झकास बसली होती. मनात एकच शब्द आला : ‘चालेल.’

हा शब्द माझ्या चांगल्या परिचयाचा होता. कारखान्यात आम्ही ज्या शब्दाला सर्वाधिक भीत असू तो हाच. मुद्दाम वाईट काम करणारा कामगार मला चौतीस वर्षांत क्वचितच भेटला. ‘चालेल’ म्हणणारे मात्र रोज भेटत. त्यांना समज देण्यात माझी निम्मी नोकरी गेली होती.

वाढदिवशी पुस्तकाचे मोठे कौतुक झाले. पाहुण्यांनी ते हातोहात फिरवले, फोटो काढले. आजोबांनी शिवले हे ऐकून तर सर्वांनाच अधिक गंमत वाटली. नातीला दाराचे पान फार आवडले. अकराव्या दिवशी सकाळी सूनबाईने तिच्या गालात बोट घालून ती गुंडी बाहेर काढली. नात हसत होती. काही झाले नाही. खरोखरच काही झाले नाही. परंतु तळहातावर ठेवलेल्या त्या ओल्या गुंडीकडे पाहताना माझे हातपाय गार पडले होते.

संध्याकाळी पत्नीने मला विचारले, “अहो, कारखान्यात असा तुकडा तुमच्यापुढे आला असता तर काय केले असते?”

“परत पाठवला असता.”

“मग घरात का नाही पाठवला?”

मी म्हणालो, “पण इतक्या प्रेमाने...” आणि वाक्य पुरे करू शकलो नाही. ज्याने कधी काळी कोणत्याही कामगाराकडून ही सबब ऐकून घेतली नसती, तोच मी ती पुढे करीत होतो.

आमच्या तपासणीत दोन टोकांचे एक गेज असे. त्याचे एक टोक भोकात गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. एवढ्यावर तुकड्याचा निकाल लागे. तो करणाऱ्याच्या मनात काय होते, तो घरून भांडून आला होता की देवाला नमस्कार करून आला होता, हे गेज विचारीत नसे. तरुणपणी मला त्याचा हा कोरडेपणा थोडा क्रूर वाटे. खेळण्यांच्या तपासणीतही अगदी याच जातीचे एक साधन वापरतात हे मला या प्रसंगानंतर कळले. ते एक लहानसे नळकांडे असते, आतला व्यास सुमारे ३२ मिलिमीटर, तळ तिरका. खेळण्यावरील गुंड्या, डोळे, मणी ठरावीक जोराने ओढून पाहावयाचे, आणि जे सुटेल ते या नळकांड्यात टाकावयाचे. ते पूर्णपणे आत मावले तर तीन वर्षांखालील मुलांसाठी ते खेळणे नापास. कारण तेवढी वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले, ते अशा कसोट्या उतरल्यावरच मिळते. माझी गुंडी २३ मिलिमीटरची होती.

आता आजोबाने नातीला शिवून दिलेल्या पुस्तकाला कोणी चिन्ह मागत नाही, आणि मागूही नये. कायद्याने घराच्या उंबरठ्याबाहेर थांबावे हेच योग्य. परंतु त्याने बाहेर थांबावयाचे तर आत त्याची जागा कोणीतरी घ्यावयास हवी. आपण असे गृहीत धरतो की ती जागा प्रेम घेते. दुकानदार नफ्यासाठी विकतो, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. माया करणाऱ्यावर कशाला? या गृहीतकातच माझी चूक दडलेली होती. परका मनुष्य आपल्यावर कोणी नजर ठेवील या धाकाने निदान मागची गाठ नीट मारतो. मी तर माझ्या मायेच्या भरवशावर ती सोडून दिली. त्या रात्री माझे प्रेम कमी पडले असे मला म्हणता येत नाही. ते भरपूर होते, आणि भरपूर होते म्हणूनच मी स्वतःला तपासण्याची गरज मानली नाही.

तत्त्वज्ञांच्या दरबारी मला आधार मिळेल असे प्रथम वाटले. कांटने नीतिशास्त्राच्या पायासंबंधीच्या आपल्या १७८५ सालच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, निरपवाद चांगली म्हणता येईल अशी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे सदिच्छा. दैवाने तिला यश दिले नाही तरी तिचे मोल उणे होत नाही. हे वाचून मन सुखावते. गुंडी सुटली हे दैव, माझी इच्छा तर निर्मळ होती! पण त्याच ठिकाणी त्याने एक अट घालून ठेवली आहे, आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. सदिच्छा म्हणजे नुसती मनातली इच्छा नव्हे. आपल्या आवाक्यातील सारी साधने एकवटणे म्हणजे सदिच्छा. दोऱ्याचे नवे रीळ त्या रात्री माझ्यापासून हातभर अंतरावर होते. तेव्हा कांटच्या मापाने पाहता माझ्यापाशी होती ती नुसती इच्छा. सदिच्छा या पदवीपर्यंत ती पोचलीच नव्हती.

आपल्याकडेही फळाची आशा सोडून कर्म करावे, ही शिकवण घरोघर सांगितली जाते. तिचा आधार घेऊन पुष्कळ ढिले काम खपविले जाते, हे मला आता दिसू लागले आहे. गीतेने योगाचा अर्थ सांगताना कर्मातील कौशल्याचा निर्देश केला आहे. भाष्यकार त्याचा अर्थ कर्म करूनही न बांधले जाण्याची हातोटी असा लावतात, आणि तो शिरोधार्य आहे. तरी शिवणाऱ्याने आणि घडविणाऱ्याने त्या शब्दाचा साधा अर्थही विसरू नये असे वाटते. फळ माझ्या हाती नाही असे म्हणण्याचा अधिकार, जे हाती होते ते सर्व ज्याने केले, त्याचाच आहे.

येथवर मी माझ्या अपराधाचा हिशेब मांडला. प्रकरण येथेच थांबले असते, परंतु दोन दिवसांनी सूनबाई माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “मावा, एक सांगू? ती गुंडी हलत होती हे मला आधीच दिसले होते. मी दोन टाके घालणार होते. पण तुम्ही एवढ्या हौसेने केलेले पुस्तक. मी त्याला सुई लावली तर तुम्हाला काय वाटेल, म्हणून राहिले.” एवढे बोलून ती रडू लागली. दोष आपलाच आहे असे तिला वाटत होते.

गुंडी सुटल्याचे मला जेवढे वाईट वाटले होते, त्याहून हे ऐकून अधिक वाटले. ती मुलाची आई. पुस्तकातील दोष तिला दिसला होता, तो दुरुस्त करण्याची कला तिच्या हातात होती, आणि तरी ती गप्प राहिली. कारण माझ्या प्रेमाने तिचे तोंड बांधले होते. बाजारातून आणलेल्या खेळण्याची गुंडी हलताना दिसली असती तर तिने ते त्याच दिवशी परत केले असते. माझे पुस्तक परत करण्याची सोयच नव्हती. मायेची भेट देणारा एका हाताने वस्तू देतो आणि दुसऱ्या हाताने, नकळत, घेणाऱ्याचा बोलण्याचा अधिकार काढून घेतो. निष्काळजीपणाने मी एक गुंडी सैल लावली हा लहान दोष होता. ती सैल आहे असे मला कोणी सांगू शकणार नाही अशी परिस्थिती मी निर्माण केली, हा मोठा.

विचार करता हे घरापुरतेच खरे आहे असेही नाही. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांचे सार्वजनिक जीवन बहुतांशी हौसेवर आणि पदरमोडीवर चालते. मंडळाचा गणेशोत्सव, मुलांचा मराठीचा वर्ग, नाटकाचा प्रयोग, आणि प्रस्तुतच्यासारखे मासिक, ही सारी फावल्या वेळात, प्रेमापोटी केलेली कामे. त्यांत कुठे टाका सैल दिसला तर आपण काय म्हणतो? ‘जाऊ द्या, बिचारे इतक्या आस्थेने करतात.’ या वाक्यात सौजन्य आहे हे खरे. परंतु त्यात एक प्रकारची उपेक्षाही आहे. ज्याचे काम आपण गंभीरपणे घेतो त्याच्याच कामाची आपण परीक्षा करतो. आणि काम करणाऱ्यालाही ‘मी हे विनामूल्य करतो’ ही ढाल फार लवकर हाती लागते. तिच्याआड त्याचे काम हळूहळू निकस होत जाते आणि ते त्याला कळवणारे कोणी उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग घरी शिवावयाचेच कशाला? तपासून आलेली वस्तू विकत घ्यावी. हा सल्ला शहाणपणाचा आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. आजीच्या लुगड्याचा काठ, कोणत्या मुलाच्या बोटांना आज कोणता उद्योग हवा आहे याची जाण, घरातल्या दोन्ही भाषांत असलेली गुंडी, या गोष्टी दुकानात मिळत नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले त्यात त्यांना हाच प्रश्न पडला होता. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांनी पाने, फुले, शंख-शिंपले, परिसरात जे सहज मिळेल ते घेऊन साधने केली. साधन स्वस्त करावयाचे, पण त्यामागील विचार स्वस्त करावयाचा नाही, हा त्या कामाचा धडा आहे असे मला वाटते. माया तेथेही होतीच. परंतु तिच्या जोडीला मुलाकडे बारकाईने पाहणारी दृष्टी होती.

दुसरा कोणी म्हणेल, गुंड्याच काढून टाका. सगळी पाने चित्रांची करा, म्हणजे भय उरणार नाही. प्रसंगानंतरच्या पहिल्या घाबरटपणात माझ्याही मनात हेच आले होते. पण येथे दोन गोष्टींची गल्लत होते. गुंडी काजातून काढणे मुलाला अवघड जाते, आणि ते अवघडच असावयास हवे; त्या अवघडपणातूनच त्याची बोटे शहाणी होतात. गुंडी सुटून घशात जाणे हा धोका. त्यातून मूल काही शिकत नाही. पालकाने धोका काढावा, अडचण काढू नये. दोन्ही एकदम काढून टाकणारे प्रेम हे दोन्ही तशीच राहू देणाऱ्या प्रेमाइतकेच आंधळे म्हटले पाहिजे, कारण पहिल्याला मुलाची वाढ दिसत नाही आणि दुसऱ्याला मुलाचा जीव दिसत नाही.

या काळात मला लहानपणची गोधडी पुन्हा पुन्हा आठवत असे. आईने जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली ती गोधडी. तिचा धावदोरा सर्व थरांतून आरपार जातो आणि वर जसा दिसतो तसाच खाली दिसतो. कोणती बाजू अंगावर घ्यावी असा प्रश्न तिच्या बाबतीत पडत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणारे सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांच्या स्त्रियाही अशाच जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. कडेपासून आरंभ करून त्या टाके घालीत आत आत मध्याकडे येतात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुले’ लावल्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. म्हणजे त्यांना शोभेची हौस नाही असे नव्हे. परंतु शोभा कोपऱ्यात, आणि अंगभर तो आरपार टाका. माझ्या पुस्तकाला मात्र अस्तर होते. अस्तर हे एरवी निरुपद्रवी वस्त्र आहे. पण मी ते टाक्याला आधार म्हणून लावले नव्हते, टाका दिसू नये म्हणून लावले होते.

पुढच्या रविवारी मी पुस्तक उसवावयास घेतले. पाचही पानांची अस्तरे काढली. गुंड्या, टिचबटणे, चेन, सर्व नव्याने लावले. प्रत्येक गुंडीला दुहेरी दोरा, देठ, आणि मागे आधाराची गुंडी. पत्नी शेजारी होती. अस्तरे परत लावू का, असे मी विचारले. ती म्हणाली, “नका लावू. मागची बाजू दिसू दे.” म्हणून आता आमच्या पुस्तकाच्या पानांना सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजू आहेत, आणि उलट बाजूवर माझ्या गाठी उघड्या आहेत. त्या देखण्या नाहीत. नातीला मात्र त्यांचेही आकर्षण वाटते; पान उलटून ती त्यांवरून बोट फिरवीत बसते.

पुस्तक तिच्या हाती देण्यापूर्वी मी ते सूनबाईपुढे ठेवले आणि म्हटले, “आता तू तपासनीस. ओढून पाहा. माझ्या वाईट वाटण्याचा विचार करायचा नाही.” ती आधी संकोचली. मग तिने पहिली गुंडी चिमटीत धरून ओढली. ती हलली नाही. दुसरी ओढली. आंबे एकेक करून ओढले. चेनची पट्टी नखाने उचकून पाहिली. मी कारखान्यातल्या नवशिक्या कामगारासारखा उभा राहून पाहत होतो. सगळे टाके उतरले आणि मी सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात तिने बुटाचे पान उघडले, नाडी ओढून तिची लांबी पाहिली आणि ती आपल्या मनगटाभोवती एकदा गुंडाळली.

“मावा,” ती म्हणाली, “ही फार लांब आहे. गळ्याभोवती अडकेल.”

ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती, पत्नीच्याही नाही. मी कात्री आणावयास उठलो.